कशाला जातेस?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मामा, सॅक चाळीस लिटरची घेऊ की साठ?"

आम्ही तालुक्याचे पत्रकार. लिटर म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दुधाचा दर येतो. पिशवीसुद्धा लिटरवर मिळते हे गडकिल्ले फिरणाऱ्या पोरांकडून ऐकलं होतं, पण आमच्या घरात अशी पिशवी आजवर कुणी विकत घेतली नव्हती.

भाची सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. सोळा दिवसांची रजा, स्वतः साठवलेले पैसे आणि व्हिएतनाम. पुढे झेंडा घेऊन चालणारा टूरवाला नाही, ओळखीचं कुणी सोबत नाही. हनोईला उतरायचं, रेल्वेने-बसने दक्षिणेकडे सरकत जायचं, हॉस्टेलात झोपायचं आणि हो ची मिन्ह शहरातून परत यायचं. पाठीवर मावेल तेवढंच सामान. तिचा हा पहिलाच परदेश.

भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द विचारला, "कशाला?"

शिकायला नाही, नोकरीला नाही, लग्न होऊन नाही, देवाला नाही. मग कशाला? पोरीला उत्तर देता आलं नाही. तिने विषय बदलला आणि मला सॅकचे लिटर विचारले.

त्या एका शब्दाने माझा आठवडा खाल्ला. कपाटातली जुनी पुस्तकं काढली, काही निकालपत्रं वाचली. आणि लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या भावोजींचा नाहीच. तो किमान दीडशे वर्षं जुना आहे. आधी जातीने विचारला, मग सरकारने विचारला, आता घर विचारतं. परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानात सगळ्यात जड वस्तू हीच असायची. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. साल १८८३. वय अठरा. नवरा गोपाळराव टपाल खात्यात, मुक्काम बंगालमध्ये श्रीरामपूरला. ही मुलगी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली, तीही नवऱ्याशिवाय. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून भाषण केलं. विषय काय होता? मी अमेरिकेला का जाते. म्हणजे आमच्या भावोजींचाच प्रश्न. त्या मुलीने भर सभेत एकेका शंकेला उत्तर दिलं. इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय. अठराव्या वर्षी आमच्यातले किती जण असं उभे राहिले असते?

मग पैसे. दागिने विकले. काही लोकांनी मदत केली, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्वतःच्या खिशातून दोनशे रुपये दिले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने.

आता सामानाकडे या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या सांगून गेल्या होत्या. म्हणजे खाणंही तेच, लुगडंही तेच. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीचं काही चालेना. पोटऱ्या उघड्या पडतात. शेवटी त्यांनी पायघोळ गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. पण हा बदल करण्याआधी तो नवऱ्याला पत्रातून कळवावा लागला, समजवावा लागला. थंडीत पाय झाकायचे की नाही हासुद्धा पत्रव्यवहाराचा विषय होता. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, नोव्हेंबरात मुंबईला परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

दुसरा प्रवासी त्यानंतर पाच वर्षांनी निघाला. मोहनदास गांधी, वय अठरा, ४ सप्टेंबर १८८८, मुंबई बंदर. त्यांच्या मोढ वाणी जातीची मुंबईत सभा भरली आणि शेटजींनी फर्मान काढलं, हा मुलगा आजपासून जातीबाहेर. त्याला जो मदत करेल किंवा बंदरावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. ज्या मेहुण्याकडे प्रवासाचे पैसे ठेवले होते त्याने जातीच्या भीतीने ते द्यायला नकार दिला. पैसे मग एका स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले.

गांधीजींच्या सामानाची हकिगत त्यांच्या आत्मकथेत आहे. मित्रांनी कपडे शिवून दिले, नेकटाय दिला, खायला मिठाई आणि फळं बांधून दिली. बोटीवर टेबलाशी बसून काट्या-चमच्याने खायची लाज वाटायची, म्हणून हा मुलगा केबिनमध्ये बसून घरची मिठाई खात राहिला. पांढरा फ्लॅनेलचा सूट खास उतरताना घालायचा म्हणून राखून ठेवला होता. सप्टेंबर अखेर इंग्लंडच्या धक्क्यावर उतरले आणि बघतात तर पांढऱ्या कपड्यातले एकटे हेच! बाकी सामान एजंटाच्या ताब्यात, त्यामुळे बदलायलाही काही नाही. पहिल्या परदेश प्रवासात चुकीचे कपडे नेण्याची परंपरा अशी थोर आहे. कुणी लाजू नये.

या दोन गोष्टींत एक गंमत लपली आहे. आनंदीबाईंना किंवा गांधीजींना पासपोर्ट लागला नाही. तिकीट काढायचं आणि बोटीवर चढायचं. पासपोर्टची सक्ती आपल्याकडे आली ती पहिल्या महायुद्धात. म्हणजे त्या काळात जात अडवायची, सरकार नाही. पुढे जातीचा जोर हळूहळू ओसरला, समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त मागे पडलं, आणि तिची जागा सरकारने घेतली.

आता तुम्ही म्हणाल, पाठीवर पिशवी टाकून निरुद्देश भटकणं हे आपल्याकडचं नव्हेच, गोऱ्यांचं फॅड. अर्धं बरोबर. 'रकसॅक' हा शब्द मूळचा जर्मन, पाठीवरची पोतडी एवढाच त्याचा अर्थ. पण खांद्यावर घर घेऊन चालणं आपल्याला कुणी शिकवायला नको. वारकऱ्याची पडशी आठवा. एक तोंड पुढे, एक मागे, वजन दोन्हीकडे सारखं. वर इरलं किंवा घोंगडी. वारीत किती सामान न्यायचं हे शेतकऱ्याला कुठल्याही दुकानदारापेक्षा चांगलं कळतं.

आणि जग बघायचं म्हणून जग बघणारेही आपल्याकडे होते. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १८ मार्च १९२८ ला जगाला फेरी मारून मुंबईत परत आले. साडेचार वर्षांत सुमारे ४४ हजार मैल. आमच्या शाळेच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. तुमच्या होतं का?

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट तर सामानाच्या यादीलाच चूड लावणारी आहे. १ जून १९६२. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघं दिल्लीत राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रांच्या विरोधात मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघण्याआधी ते विनोबांकडे गेले. आपले गागोद्याचे विनोबा. त्यांनी या दोघांना काय दिलं? दोन अटी. एक, शाकाहारी राहा. दोन, जवळ एक पैसा ठेवू नका. पैसा असला की माणूस खानावळ शोधतो, नसला की त्याला लोकांचं दार ठोठवावं लागतं. पाकिस्तानच्या हद्दीवर निरोप द्यायला आलेल्यांनी खाण्याची पुडकी पुढे केली, तर सतीश कुमारांनी तीही घेतली नाहीत. त्यांच्या लेखी ती अविश्वासाची पुडकी होती. पाकिस्तानातले लोक आपल्याला उपाशी ठेवतील असं आधीच धरून चालण्यासारखं. आणि दोघं पोचले की! समुद्र सोडला तर सगळा रस्ता चालत.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, मी पैसे नेणार आहे." बरोबर आहे. सगळ्यांना विनोबा झेपत नाहीत.

पण पैसे न्यायचे म्हटले तरी त्या काळात नेता येत नव्हते, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत देशाकडे परकीय चलनाची चणचण होती. बाहेर जाणाऱ्या सामान्य भारतीयाला किती डॉलर मिळायचे? आठ. छापण्यात चूक नाही. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर साडेसात रुपयांचा झाला. म्हणजे साठ रुपये खिशात घालून परदेशात उतरायचं. तिकीट काढायच्या आधी 'पी फॉर्म' भरून रिझर्व्ह बँकेची मंजुरी घ्यायची. कशासाठी जाताय, तिथला खर्च कोण करणार? पुन्हा तोच प्रश्न, आता शिक्क्यासकट. त्यामुळे शिष्यवृत्तीवाला जायचा, कंपनीने पाठवलेला जायचा, ज्याचा मामा-काका तिकडे आहे तो जायचा. नुसतं बघायला जाणारा सरकारच्या कुठल्या रकान्यात बसतच नव्हता. आपल्यासारख्यांनी पुलंची 'अपूर्वाई' वाचायची आणि विलायत पाहिली म्हणायचं.

नेमक्या त्याच वर्षांत उलट दिशेने काय चाललं होतं बघा. युरोपातली तरुण मुलं पाठीवर सॅक टाकून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोरमार्गे बसने, ट्रकने भारतात येत होती. कुणी काठमांडूला जायचं, कुणी गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकायचं. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं १९७२ मध्ये लंडनहून याच वाटेने आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियाला गेलं आणि १९७३ मध्ये त्यांनी स्वस्तात आशिया कसा ओलांडावा यावर एक चोपडं काढलं. 'लोनली प्लॅनेट'चा जन्म तिथला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो रस्ता बंद पडला. रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच होता. फक्त तिकडची मुलं इकडे येऊ शकत होती, आणि इकडच्या मुलांच्या खिशात आठ डॉलर होते.

आणि पासपोर्ट? १९६७ पर्यंत आपल्याकडे पासपोर्ट कुणाला द्यावा, कुणाला नाकारावा याचा कायदाच नव्हता. द्यायचा तर द्यायचा, सरकारची मर्जी. सतवंतसिंग साहनी नावाचे एक व्यापारी. सरकारने त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ ला पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायदा नसताना तो हिरावता येणार नाही. दोन न्यायमूर्ती विरोधात होते. एका मताने वाचलेला हक्क. मग सरकारने धावपळ करून त्याच जूनमध्ये पासपोर्ट कायदा आणला. आजही तोच चालू आहे.

दहा वर्षांनी दुसरा धडा. जुलै १९७७, आणीबाणी उठलेली, जनता सरकार आलेलं. मनेका गांधींना पत्र गेलं, जनहितासाठी पासपोर्ट जमा करा. त्यांनी कारण विचारलं. सरकार म्हणालं, कारण सांगणं जनहिताचं नाही. २५ जानेवारी १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी, आणि माणसाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. पक्ष कुठलाही असो, खुर्चीत बसलं की कारण सांगायचा कंटाळा येतो. हा निकाल आज कुठल्या कुठल्या खटल्यांत आधाराला घेतला जातो, पण त्याचं मूळ एका पासपोर्टात आहे. इतकी वर्षं सरकार नागरिकाला विचारत होतं, कशाला जातेस? त्या दिवशी न्यायालयाने प्रश्न फिरवला. तुम्ही कशाला अडवताय?

आठ डॉलरचा पगडा मात्र हळूहळू गेला. १९९१ मध्ये तर देशाने मुंबईहून सोनं विमानाने लंडनला पाठवून गहाण ठेवलं. त्यानंतर दारं उघडली. २००० च्या जूनपासून 'फेरा' जाऊन 'फेमा' आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कुणीही माणूस वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेऊ शकतो. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आणि २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतून पासपोर्ट केंद्रं निघाली. माझा पासपोर्ट काढायला मी तीन वेळा मुंबई गाठली होती आणि एका एजंटाला वर पैसे दिले होते, ते आठवून अजून चिडचिड होते.

आता थांबा. ही गोष्ट इथेच संपवली तर अर्धी होईल.

आमचा जिल्हा रत्नागिरी. इथल्या घराघरात परदेश आहे, पण तो आखातातला. आमचे काका १९७६ साली कुवेतला गेले, फिटर म्हणून. त्यांची पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे, झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, गाव, तालुका. सोबत वळकटी. ट्रंकेत कोकमं, मेतकूट, सुकट आणि घरातल्या सगळ्यांचा एक फोटो. ते गेले तेव्हा घरात कुणी "कशाला?" विचारलं नाही. कर्ज होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

आजही दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टाला ईसीआर लागतो. सौदी, कुवेत, कतार धरून अठरा देशांत कामाला जायचं तर त्याला वेगळी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. १९८३ च्या कायद्याचा हेतू चांगला आहे, मजुराला तिकडे कुणी लुबाडू नये. पण जानेवारी २०१८ मध्ये याच लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं घाटत होतं. ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो बेत गुंडाळला. बरं झालं. नाहीतर विमानतळाच्या रांगेत लांबूनच कळलं असतं की हा शिकलेला आणि हा अडाणी. जात नाही ती जात, म्हणतात ते उगाच नाही.

म्हणजे एकाच गावातून दोन मुलं निघतात. एकाच्या पाठीवर सॅक, दुसऱ्याच्या हातात सुतळीने बांधलेला खोका. पहिल्याला आपण "कशाला?" विचारतो. दुसऱ्याला विचारायची आपली हिंमत होत नाही, कारण उत्तर आपल्यालाही सोसवणार नाही.

असो. गेल्या रविवारी भाची सॅक घेऊन घरी आली. चाळीस लिटरचीच घेतली, आणि ते बरोबर केलं. साठ घेतली असती तर साठ भरली असती. ओटीवर सगळं सामान मांडलं. ताईने शेजारी चकल्या, लाडू, लोणच्याची बरणी आणि एक शाल ठेवली. गांधीजींच्या घरच्यांसारखंच. भरलेली सॅक समोरच्या वाण्याच्या काट्यावर टाकली. नऊ किलो दोनशे. स्वस्त विमानात हातातलं सामान सहसा सात किलो. मग उपसाउपशी सुरू.

ज्यांची मुलं अशी निघाली आहेत त्यांच्यासाठी, आम्हाला जे कळलं ते सांगतो. जीन्स एकच, तीही अंगावर. ती भिजली की दोन दिवस वाळत नाही. जाड टर्किश टॉवेल काढला आणि आमचा घरचा पंचा घातला. पंच्याइतकं हलकं आणि लवकर वाळणारं दुसरं काही नाही, दुकानात त्याच कामाच्या फडक्याला कैकपट पैसे घेतात. बूट नवे न्यायचे नाहीत, महिनाभर आधी घेऊन रोज वापरायचे. सॅकवरच्या पावसाळी खोळीवर भरवसा नको, आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात कपडे. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातच ठेवायची. औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, त्याच्या झेरॉक्स दोन, एक घरी. व्हिसा ऑनलाइन निघाला, पंचवीस डॉलर. काकांच्या तीन प्रवासांइतके!

आणि सॅक घेताना पैसे रंगावर नाही, कमरपट्ट्यावर घालवा. अमेरिकेत डिक केल्टी नावाच्या माणसाने १९५० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक विकायला काढल्या आणि कमरेच्या पट्ट्याने वजन खांद्यावरून खाली उतरवलं. पट्टा कमरेच्या हाडावर नीट बसला तर ओझं खांद्याला फार जाणवत नाही. डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन चालणाऱ्या आमच्या आज्यांना हे शास्त्र कुणी न सांगता येत होतं.

काटा सहा किलो नऊशेवर आला. लोणचं राहिलं, लाडू चार गेले.

भावोजी इतका वेळ झोपाळ्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत. सगळं भरून झाल्यावर उठले, सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकून पाहिली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पट्टा आवळला. खाली ठेवताना म्हणाले, "तिकडे पाऊस कधी असतो?"

पोरीने सांगितलं.

ते आत गेले आणि स्वतःची छत्री घेऊन आले. ती घडीची नाही, लांब दांड्याची आहे. सॅकेत मावत नाही. पण भाची ती नेणार आहे.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल तर तिच्या झाकणावर काय लिहिलंय ते जरूर कळवा. आणि ती घेऊन जो निघाला होता, त्याला कुणी "कशाला?" विचारलं होतं का, तेही.